चढलेली वाटी

जोतिबाच्या डोंगरावरच्या पायऱ्या मी एकदा पाठमोरा उतरलो. तोंड देवळाकडं, डावा हात कठड्यावर, उजवा पोराच्या खांद्यावर. अंगावर गुलाल होता, त्यामुळं बघणाऱ्यांना वाटलं असणार की ह्याचा काहीतरी नवस असेल. एका म्हातारीनं तर हात जोडले. मीही काही बोललो नाही. नवस म्हणजे नवस. पायऱ्या सरळ उतरायला मला येत नव्हतं, एवढंच. डावा पाय खालच्या पायरीकडं वाकवला की गुडघा फडक्यासारखा दुमडायचा आणि मी पुढं कोलमडायचो. मग शोध लागला की उलटं उतरलं की पडत नाही. त्या दिवशी मला त्या शोधाचं केवढं कौतुक वाटलं होतं! पोराला म्हणालोसुद्धा, "बघ, डोकं लावलं की सगळं जमतं."

त्यावेळी माझ्या डाव्या गुडघ्याची वाटी तिच्या जागेवर नव्हती. मांडीकडं वर चढून बसली होती आणि तिला खाली बांधून ठेवणारा पट्टा पाच महिन्यांपूर्वीच तुटला होता. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे, काहीतरी गेलंय हे माहीत होतं. काय गेलंय ते विचारायचं नव्हतं.

त्या पट्ट्याला मराठीत नाव काय, इथूनच घोळ आहे. पुस्तकात कंडरा म्हणतात. आमच्या तालुक्यात कंडरा हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आमच्याकडं दोनच शब्द: नस आणि शीर. रक्त वाहतं ती नस, कंबरेतून पायात कळ जाते तीही नस, पिंढरीत गोळा येतो तो नस चढल्यामुळं, आणि हाडाला मांसाशी बांधणारा जाड पांढरा दोर तोही नसच. मी जिमला लंगडत गेलो तेव्हा "नस दबली" असं चार जणांनी चार वेगवेगळ्या अर्थांनी सांगितलं. दबलेली नस मोकळी होते. तुटलेला दोर मोकळा होत नाही, तो आखडतो.

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, रिकामी परत घ्यायची, वजाबाकी करायची. एकोणीस हंगाम झाले. वजनाशी बाकीचा संबंध जिममधला: पॉवरलिफ्टिंग, 93 किलोचा गट, जिल्ह्यात दोनदा पहिला, राज्यात एकदा चौथा. ज्या दिवशी गुडघा गेला त्या दिवशी खांद्यावर 220 किलो होते. फार नव्हते, त्याआधी मी त्याहून जास्त उचलले होते. तिसऱ्या वेळी खाली बसलो, तळाशी थांबलो, वर निघालो आणि आवाज झाला. ओला वासा मोडावा तसा, कोरडा नाही. मागच्या पोरांनी बार धरला म्हणून आज लिहितोय. गंमत म्हणजे कळ फार आली नाही. खाली बसून मी गुडघ्यावर हात ठेवला तर वाटीच्या खाली बोट आत गेलं. जिथं कडक दोर लागायला पाहिजे तिथं लोण्यासारखं मऊ. तो स्पर्श मी त्याच क्षणी विसरायचं ठरवलं.

गावातल्या दवाखान्यात दोन फोटो काढले. हाड मोडलंय का बघितलं, मोडलं नव्हतं. "आतून दुखावलंय, तीन आठवडे पट्टी बांधा." वाटी जागेवर आहे का, हे कुणी बघितलं नाही. ते एक्स-रे अजून माझ्याकडं आहेत. बाजूनं काढलेल्या फोटोत वाटी दोन बोटं वर आहे. आता मलासुद्धा दिसते, काट्यावरच्या पोरांना दाखवला तर त्यांनाही दिसली. दिसत नव्हती असं नाही, सगळे दुसरीकडं बघत होते. आणि ह्याची परीक्षा तर फुकटातली आहे: उताणं झोपून पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलायचा. नाही उचलला, किंवा उचलला पण गुडघा खाली लोंबला, की मांडीपासून नडगीपर्यंतच्या साखळीतली एखादी कडी गेली असं धरायचं आणि तपासायचं. मला कुणी झोपवलं नाही. मीही झोपलो नाही.

मग हाडवैद्य झाला. त्यानं वाटी चोळून "बसवली", अंडं आणि कसलासा पाला लावून बांधली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तो बिचारा मनापासून चोळत होता.

मी एवढा का लपवत होतो, ह्याचं उत्तर घरातच होतं. आबा पैलवान. वयाच्या अकराव्या वर्षी कोल्हापूरच्या तालमीत गेले, खासबागेत लढलेले. तालमीत एक गोष्ट न सांगता शिकवतात: दुखणं बाहेर जाऊ द्यायचं नाही. ह्यात मर्दानगी वगैरे नंतर येते, आधी व्यवहार आहे. मैदानात कुस्त्या जोडतात तेव्हा समोरचा वस्ताद तुमच्या अंगाकडं बघत नसतो, चालण्याकडं बघत असतो. ह्याचा डावा गुडघा कच्चा आहे एवढं कळलं की संपलं. एक तर कुस्ती जोडत नाहीत, नाहीतर जोडतात आणि पहिली पकड त्याच पायावर पडते. म्हणून पैलवान लंगडत नाही, डुलत चालतो. लोक त्याला ऐट म्हणतात.

आमच्या शेजारच्या कऱ्हाड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या ऑलिंपिकआधी त्यांच्याही गुडघ्यानंच घात केला. आमच्याकडं त्यांच्या मिरवणुकीची, बैलगाड्यांची गोष्ट पोराटोरांना पाठ असते. गुडघ्याची गोष्ट एका वाक्यात संपते.

आबांची कुस्तीही गुडघ्यानंच सुटली. "गुडघ्यात वारं शिरलं," एवढंच ते सांगायचे. खुर्चीतून उठताना डाव्या मांडीवर तळहात ठेवून रेटा द्यायचा, पाय बाहेरून थोडा फिरवून पुढं टाकायचा, ही त्यांची चाल. गावात अंधारात लांबूनसुद्धा ओळखू यायचे. माझा गुडघा जाऊन दोनेक महिने झाले असतील, बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुम्ही अगदी आबांसारखे चालायला लागलाय." ती कौतुकानं म्हणाली होती. आईनंही मान हलवली, वय झालं की पोरगा बापावर जातोच. मी तेवढ्यावर आणखी वर्षभर काढलं.

त्या महिन्यांत मी किती तरबेज झालो होतो! बुलेट सोडून बटणाच्या स्टार्टरची स्कूटर घेतली. काट्याच्या केबिनला तीन पायऱ्या आहेत. चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी, हे शरीर आपोआप करायला लागलं. उतारावर पँटच्या खिशात हात घालून आतून मांडी दाबून धरायची, बघणाऱ्याला वाटावं माणूस निवांत चाललाय. जिममध्ये मी बेंच प्रेस करत राहिलो, उलट त्यात साडेसात किलो वाढवले. डावी मांडी मात्र बारीक होत चालली होती. पँटचा एक पाय ढगळ वाटायचा. शिंप्यानं विचारलं, "दोन्ही पाय एकाच मापाचे घेऊ ना?" मी म्हणालो, "घे की."

नंतर हे सगळं वाचत बसलो तेव्हा कळलं की हे दुखणं पैलवानाच्या अंगाला फार जुन्या काळापासून चिकटलेलं आहे. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी गॅलन नावाचा वैद्य होऊन गेला. रोमन साम्राज्यातल्या पर्गॅमम शहरात तो ग्लॅडिएटर लोकांवर उपचार करायचा. त्यानं आखाड्यातल्या एका तरुणाबद्दल लिहून ठेवलंय: त्याची वाटी बंधनातून सुटून मांडीकडं चढली होती, आणि त्याला गुडघा वाकवायला आणि उतारावर चालायला भीती होती, उताराला काठी लागायची. हे वाचलं तेव्हा मी काट्यावर होतो, बाहेर ट्रॅक्टरची रांग लागली होती, आणि मला जोतिबाच्या त्या पायऱ्या आठवल्या. गॅलनच्या त्या पोराला उलटं उतरायची युक्ती सुचली नसावी.

दुसरी गोष्ट 1977 साली छापून आलेली. अमेरिकेत वेटलिफ्टिंगची स्पर्धा चालू होती आणि अभ्यासासाठी तिथं कॅमेरा लावलेला होता. एका लिफ्टरनं 175 किलो छातीवर घेतले, डोक्यावर ढकलण्यासाठी गुडघे किंचित वाकवले आणि त्या झोक्याला ब्रेक लावताना त्याच्या वाटीखालचा दोर तुटला. कॅमेऱ्यात सापडला. संशोधकांनी एकेक चित्र मोजून हिशोब केला तेव्हा आकडा निघाला: तुटताना त्या दोरावर माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेसतरा पट ताण होता. मी सवयीनं लगेच माझं वजन घालून बघितलं. सोळाशे किलोच्या वर जातं. आमच्या भाषेत जरा कमी भरलेली एक बैलगाडी ऊस. एवढं पेलणारी वस्तू माझ्या गुडघ्याखाली होती आणि मी तिला नस म्हणत होतो.

पण चांगला दोर असा सहजी तुटत नाही. 1933 साली मॅकमास्टर नावाच्या सर्जननं सशांच्या दोरांवर ताण देऊन बघितलं होतं. निरोगी दोर मधोमध तुटायचा नाही. हाड मोडायचं, मांस फाटायचं, दोर टिकायचा. अर्धाअधिक कापून ठेवला तरी बऱ्याच वेळा टिकायचा. म्हणजे जो तुटतो तो आधीपासून आतून जीर्ण झालेला असतो. माझा का झाला, हे मी कुणालाही सांगू शकतो, फक्त आबांना सांगितलेलं नाही. वाटीच्या खाली दुखायचं म्हणून दोन वर्षांत तीन वेळा मी तिथं स्टेरॉइडचं इंजेक्शन मारून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी जिमला जाता यायचं म्हणून खूश होतो. आणि तिशीच्या आत दोन "कोर्स" केले होते, मांस वाढवणाऱ्या औषधांचे. जिममध्ये कोर्स म्हणजे काय ते जिममधल्यांना माहीत आहे. त्यानं मांस महिन्यात वाढतं. दोर त्या वेगानं वाढत नाही. इंजिन ट्रकचं आणि साखळी सायकलची, असा प्रकार.

शेवटी मिरजेला गेलो ते मेव्हण्याच्या कंबरेसाठी. डॉक्टर त्याचे फोटो बघत होते आणि मी दारातून आत आलो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पैलवान, तुमचा नंबर नंतर आहे का?" मी म्हणालो, मला काही झालेलं नाही. "मग चालताना मांडी का दाबताय?" त्यांनी मला टेबलावर झोपवलं, पाय सरळ वर उचला म्हणाले. टाच कशीबशी उठली, गुडघा खालीच लोंबत राहिला. त्यांनी वाटीवर हात ठेवून ती खाली ओढायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. "किती दिवस?" चौदा महिने. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मेव्हणा उगाच घाबरला, त्याला वाटलं त्याचंच काहीतरी निघालं.

ताजा तुटला असता तर काम तसं सरळ होतं, असं ते म्हणाले. दोन-तीन आठवड्यांत आलात तर दोराची तुटकी टोकं गोळा करायची, जाड धाग्यानं गुंफायची, वाटीत भोकं पाडून त्यातून बांधून टाकायची. सहा आठवड्यांनंतर खेळ बदलतो. मांडीचे चार मोठे स्नायू वाटीला सतत वर ओढत असतात, खालचा लगाम नसतो, मग ते तिथंच आखडतात, आजूबाजूला चिकटतात. मधल्या मोकळ्या जागेत शरीर काहीतरी भरून टाकतं. "भेग पडली की बोळा कोंबतात ना, तसं." त्या बोळ्यावरच मी चौदा महिने चालत होतो. पूर्वी अशा रुग्णाच्या वाटीत आधी सळई घालून तिला वजनं लावून आठवडाआठवडा खाली ओढत ठेवायचे, मग ऑपरेशन. दोर अगदीच शिल्लक नसेल तर मेलेल्या माणसाच्या टाचेची शीर हाडाच्या तुकड्यासकट बसवतात. "पण तुमच्याकडं माल आहे," ते माझी मांडी मागून चाचपत म्हणाले.

माल म्हणजे मांडीच्या मागचे दोन बारीक दोर. ते गुडघ्याच्या आतल्या बाजूनं खाली नडगीला चिकटलेले असतात. चिकटलेलं टोक तसंच ठेवायचं, वरचं टोक मांडीतून ओढून काढायचं, वाटीत आडवं भोक पाडून त्यातून न्यायचं, परत खाली आणून नडगीच्या उंचवट्यातल्या भोकातून काढून बांधायचं. त्यावर तारेचा एक फास, वाटीपासून नडगीपर्यंत, नवा दोर धरेपर्यंत ताण त्या तारेनं घ्यायचा. काही महिन्यांनी तार काढायची. वाटी किती खाली आणायची ह्याचं माप माझ्याच उजव्या पायाचं. उजव्या गुडघ्याचा बाजूनं काढलेला फोटो त्यांनी ऑपरेशनच्या खोलीत भिंतीवर लावला होता. साधारण वाटीची जेवढी लांबी तेवढीच खालच्या दोराची असते, थोडं इकडंतिकडं. माझी डाव्या पायाची पार दीडपटीच्या पुढं गेली होती.

कंबरेतून भूल दिली होती, त्यामुळं मी जागा होतो. मधे हिरवा पडदा. सगळ्यांत जास्त वेळ गेला तो जोडण्यात नाही, सोडवण्यात. वाटीच्या वर, मांडीच्या खोल आत, चिकटलेलं सगळं एकेक करून मोकळं करत होते. मला दुखत नव्हतं, पण टेबल हलत होतं. ओढ, थांब, ओढ. रुतलेली गाडी बाहेर काढतात तसं. तास-सव्वा तासानं डॉक्टर पडद्यावरून म्हणाले, "पैलवान, आली बघा खाली." मला का कुणास ठाऊक, रडू आलं. भुलेचं असेल. सिस्टरनं टिपलं आणि विचारलं, "थंडी वाजतेय का?" मी हो म्हणालो.

नंतरचं काय सांगायचं. सहा आठवडे पाय सरळ, पट्ट्याच्या सापळ्यात. मग तीस अंश, मग साठ, मग नव्वद, कोनमापकानं मोजून. पण खरी लाज पहिल्याच आठवड्यात निघाली. फिजिओथेरपीला एक पोरगी यायची, पंचविशीची, मनगट माझ्या दोन बोटांएवढं. तिनं टॉवेलची गुंडाळी माझ्या गुडघ्याखाली ठेवली आणि म्हणाली, "काका, टॉवेल खाली दाबा. मांडी आवळून." मी दाबला. काही झालं नाही. ती म्हणाली, "पाय नका हलवू, मांडी आवळा." मी घामाघूम झालो. श्वास रोखला, दात आवळले, उजवी मांडी दगड झाली, कंबर उचलली गेली. डावी मांडी थाळीतल्या पिठल्यासारखी पडून. 220 किलो घेऊन बसणारा माणूस टॉवेल दाबू शकत नव्हता. तिनं शिंप्याची फीत काढून वाटीच्या वर दहा सेंटीमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर घेतला: उजवी 62, डावी 53. मग मांडीला दोन चिकटपट्ट्या लावून विजेचा हलका झटका दिला, आणि माझ्याच मांडीतला एक स्नायू माझ्या परवानगीशिवाय उडाला. "बघा, आहे तो," ती म्हणाली. "तुम्ही त्याला बोलवायचं विसरलाय."

अकराव्या दिवशी वाटी हलली. टॉवेल दाबताना ती ज्वारीच्या दाण्याएवढी वर सरकली आणि परत खाली आली. परत खाली आली, हे महत्त्वाचं. मी दिवसभर तेवढंच करत बसलो.

ह्या काळात एक शोध वाचनात आला, तो अजून डोक्यातून जात नाही. 1950 आणि 60 च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्यामुळं हवेतल्या कार्बनमध्ये एक खूण राहून गेली. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 साली त्या खुणेवरून माणसाच्या टाचेमागच्या शिरेचं वय काढलं. निघालं असं की त्या शिरेचा गाभा साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत बनतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. रक्त बदलतं, कातडी बदलते, हाडसुद्धा हळूहळू बदलतं. हा दोर मात्र पोरवयात मिळालेलाच शेवटपर्यंत. हे टाचेचं झालं. गुडघ्याचंही तसंच असेल का, ते डॉक्टरांनी ठरवावं. पण मी आपला बसल्या बसल्या हिशोब करत होतो. आठवीत असताना आबांनी पहाटे चारला उठवून पाचशे बैठका काढायला लावल्या होत्या, तेव्हा जे विणलं जात होतं तेच मी पुढं पंचवीस वर्षं वापरलं, आणि इंजेक्शनं देऊन झिजवलं.

आता तीन वर्षं झाली. गुडघा एकशेवीस अंशांपर्यंत वाकतो. मांडी घालून बसता येतं, उकिडवं बसता येत नाही. जिमला जातो, 100 किलोवर थांबतो, नवीन पोरं माझ्यासमोर प्लेटा वाढवतात तेव्हा खाली बघतो. स्पर्धा नाही. डावी मांडी अजून दोन-अडीच सेंटीमीटरनं कमीच आहे आणि ती तशीच राहणार असं मी धरून चाललोय. एखाद्या पोरानं गुडघ्याला हात लावला की त्याला बाकावर झोपवून पाय सरळ उचलायला लावतो. त्यावरून जिममध्ये माझी टिंगल होते.

पण एक गोष्ट गेल्या दिवाळीतली. मी सोप्यात चटईवर व्यायाम करत होतो. आबा त्यांच्या खुर्चीत, पेपर वाचत. वय शहात्तर. त्यांच्या गुडघ्यात पन्नास वर्षांपूर्वी नेमकं काय तुटलं, हे कधीच कुणी बघितलेलं नाही आणि आता बघून उपयोगही नाही. मी त्यांना त्याबद्दल कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी पेपर खाली ठेवला. मांडीवर तळहात टेकून रेटा दिला, उठले, पाय बाहेरून फिरवत चटईपर्यंत आले आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. उठायला मदत लागणार हे त्यांना माहीत होतं, तरी बसले. धोतर गुडघ्याच्या वर घेतलं. वाटी कुठं आहे ते मला लगेच दिसलं, पण मी बघितलं नाही असं दाखवलं.

"आण तो टॉवेल," ते म्हणाले.

मी गुंडाळी त्यांच्या गुडघ्याखाली सरकवली.

"दाबायचा?"

"होय. मांडी आवळून."

त्यांनी डोळे मिटले. दाराकडं कुणी नाही ना, हे त्याआधी एकदा बघून घेतलं.

"किती मोजायचं, पाच का दहा?"